गिअर धरणारा माणूस

माझं बूड एका जागी टेकत नाही. साठी आली तरी हा रोग गेलेला नाही. लहानपणी आई जेवायला वाढेपर्यंत मला दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लावायची, नाहीतर तेवढ्या वेळात मी चुलीतलं जळतं लाकूड ओढलेलं असायचं किंवा मिठाची बरणी उलटी केलेली असायची. आमच्या घरी मेंढरं होती. मेंढरांमागे फिरणारी माणसं बसत नसतात. वडील उभ्या उभ्या काठीवर हनुवटी टेकून डुलकी काढायचे, ती मी बघितलेली आहे. त्यांना निदान चालायला शिवार होतं. मला पाटबंधारे खात्यात कारकुनाची खुर्ची मिळाली आणि तिच्यावर मी बत्तीस वर्षं काढली. कशी काढली ते त्या खुर्चीलाच विचारायला पाहिजे.

निवृत्त झालो आणि परभणीतल्या घरात येरझाऱ्या सुरू झाल्या. नळ टपकत नसला तरी मी नळ खोलायचो. मिक्सर चांगला चालत होता, तो मी दुरुस्त केला, मग तो चालेना. बायको म्हणायची, "अहो, जरा बाहीर जाऊन या की. कुठं बी जा." पुढे आमच्या एकुलत्या एक लेकीला नोकरी लागली आणि मला जायला जागा मिळाली. ती चालवते त्या गाडीतली डावी सीट. त्या सीटवर बसून मी जे करून ठेवलं, ते सांगायला बसलोय, म्हणजे अधूनमधून उठतोयच.

गाडी मूळची माझी. वीस-बावीस वर्षांची, छोटी, एके काळी चंदेरी रंगाची. एका मास्तरांकडून जुनी घेतलेली. तिचा टेप कधीच निघाला, त्या जागी डॅशबोर्डात चौकोनी भोक आहे आणि त्यात आम्ही लिमलेटच्या गोळ्या ठेवतो. इंजिन अजून चांगलं. खोट एकच होती: तिसरा गिअर सुटायचा. तिसऱ्यात टाकलेली गाडी खड्ड्यात आदळली की दांडी खट्‌कन आपोआप मधे यायची, इंजिन नुसतंच बोंबलायचं आणि गाडीचा दम जायचा. बाकी चारही गिअर गुणी. हाच एक वांड.

कुणी म्हणेल, मग मिस्त्रीला दाखवायची. दाखवली होती. माझी चोरी तीच आहे, ती आधीच सांगून टाकतो. लेकीला नोकरी लागायच्या वर्षभर आधी मी गाडी जिंतूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली होती. त्याने बॉनेट उघडलं, मला रेस द्यायला लावली, इंजिन कसं हलतं ते बघितलं आणि म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्सला कायी झालं न्हाई. इंजिनचं फाउंडेशन गेलंय. एका बाजूचं रबर फाटलंय. खड्ड्यात इंजिनच उडायलंय, म्हणून गिअर सुटायलाय. आत्ताच बदलून घ्या, दुपारपस्तोर देतो."

दुपारपर्यंत थांबायचं म्हणजे त्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचं. तीन-चार तास. नुसतं. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्याला आणतो. तवर धरतो हातानं."

'धरतो हातानं' हे मी सहज म्हणालो, पण त्यामागे माझा एक जुना मान होता. नोकरीच्या सुरुवातीला मी आमच्या झरीहून परभणीला काळ्या-पिवळ्या जीपने ये-जा करायचो. आत माणसं कोंबलेली, मागे लोंबकळणारी वेगळी. त्या जीपचे गिअर सगळे म्हातारे. ड्रायव्हरांकडे त्यावर एक इलाज असायचा, सायकलच्या ट्यूबची पट्टी. एक टोक गिअरच्या दांडीला, दुसरं डॅशबोर्डच्या कडीला, की गिअर जागचा हलत नाही. पण पुढे भरवशाचा माणूस बसलेला असला तर ट्यूब निघायची. आमचा ड्रायव्हर मी दिसलो की ट्यूब सोडून खिशात घालायचा आणि म्हणायचा, "बसा भाऊसाब. ट्यूबीपेक्षा तुमचा हात भारी." मग झरी ते परभणी मी गिअर धरून. मागे बायका, लेकरं, शेळ्या, कापसाची गाठोडी, आणि या सगळ्यांचा जीव आपल्या हातात आहे असं मला वाटायचं. ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं. जीपमध्ये मी कुणीतरी होतो. माझा हात न हलता एका जागी राहिला तो आयुष्यात तिथेच.

त्यामुळे गिअर धरणं म्हणजे गिअरला मदत करणं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. 'पुढचा आठवडा' आला नाही तो नाहीच.

लेक आरोग्यसेविका झाली. नेमणूक मिळाली ती चारठाण्याच्या पुढे, फाट्यावरून सात किलोमीटर आत असलेल्या एका गावातल्या उपकेंद्रात. बस फाट्यावर सोडते, तिथून पुढे आपलं नशीब. तिने गाडी शिकून घेतली. माझ्याकडून नाही, मी दोन दिवसांत तिला तीनदा रडवलं, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. लायसन हातात आलं तसं म्हणाली, "पप्पा, मी गाडी घेऊन जात जाईन. तेवढा तिसरा नीट करून घ्या."

माझ्या तोंडाला येईल ते मी बोलून गेलो. "दाखवलीय बाई मी. जुनी गाडी हाय, सामानच मिळंना म्हणतोय मिस्त्री."

"मंग?"

"मंग काय? मी येतो की संगं. धरतो."

का बोललो असं? घाबरून बोललो. पोरगी एकटी त्या रस्त्याने जाणार ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती मला आमच्या घराच्या भिंतींची होती. दिवसभर तिथे मी, बायको आणि तो बंद पडलेला मिक्सर.

सकाळी साडेसातला निघायचो. झरी, बोरी, जिंतूर, चारठाणा. मोठ्या रस्त्याला चौथा-पाचवा चालायचा, तेव्हा माझा हात मोकळा आणि तोंड चालू. ब्रेक मार, हॉर्न दे, त्या कापसाच्या ट्रॉलीच्या मागं राहू नको, पुढं घाल, आता नको घालू. फाट्यावरून आत वळलो की तिसऱ्याचं राज्य. ती क्लच दाबून दांडी पुढे ढकलायची आणि तिचा हात निघायच्या आत माझा उजवा तळहात दांडीच्या गोळ्यावर हजर. पुढे रेटून धरायचं. ती 'सोडा' म्हणाली की सोडायचं, 'धरा' म्हणाली की धरायचं. त्या सात किलोमीटरमध्ये आमच्यात एवढंच बोलणं. मी ब्रेक मार म्हणत नसे, हॉर्न दे म्हणत नसे. दोन्ही बाजूंना तूर फुललेली असायची, आणि मला वाटायचं, चाललंय ते किती छान चाललंय. असं दीड वर्ष चाललं.

गावात पोचलो की ती आत आणि मी बाहेर लिंबाखाली. पहिल्या दिवशी मी तासभर बसलो असेन. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची पाटी तिरकी दिसली, ती सरळ केली. मग रांग लावायला लागलो. रांग कसली, आठ-दहा बायका आणि त्यांची लेकरं. "तुमी आधी, तुमी मागून, लेकराला कडेवर घ्या." कुणाला काय होतंय तेही मीच विचारून घ्यायचो, म्हणजे आत लेकीचा वेळ जायला नको. निम्म्या बायकांना तर मी बाहेरच्या बाहेर सल्ला देऊन मोकळा. महिन्याभरात गावाने मला नाव पाडलं, गिअरवाले बाबा. आणि लेकीला सिस्टर म्हणायचं सोडून काही जण 'गिअरवाल्या बाबाची पोरगी' म्हणायला लागले. मला त्यात गंमत वाटली. तिला वाटली नसावी. "पप्पा, तुमी गाडीत बसून पेपर वाचत जा ना," असं ती दोन-तीनदा म्हणाली. मी वाचायचो की, पहिलं पान संपेपर्यंत.

मधे माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस काळा चष्मा लावून घरात. लेक म्हणाली, मी बसने जाते. मी बरं म्हणालो. नवव्या दिवशी पुन्हा माझ्या सीटवर.

मग या हिवाळ्यात तो दिवस आला. एक तरणी बाई उपकेंद्रापाशी आली. पदर पुढे ओढलेला, पाय धुळीने भरलेले. रांगेच्या शेवटी उभी राहिली. रांग संपली तरी ती बाहेरच. आत जाईना आणि परतही जाईना. मला असं अर्धवट काही बघवत नाही. मी उठलो, तिच्याजवळ गेलो आणि विचारलं, "काय झालंय बाई? काय दुखायलंय? लाजायचं काय त्यात, सांगा की." माझा आवाज मुळात मोठा. समोर पारावर चार गडी बसलेले होते, त्यांनी माना वळवल्या. बाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती आल्या वाटेने निघाली. लेक खिडकीतून बघत होती. ती धावत बाहेर आली, रस्त्यापर्यंत गेली, हाका मारल्या. बाई मागे वळली नाही.

परतताना 'धरा' नाही आणि 'सोडा' नाही. सात किलोमीटर तिने गाडी दुसऱ्यातच आणली, इंजिन किंचाळत होतं तरी. फाट्यावर गाडी थांबवली आणि समोर बघत म्हणाली, "ती बाई दोन म्हैन्यांपासून येते येते म्हणायली होती. तिच्या घरी दोनदा जाऊन समजावलं तवा आज आली. वस्तीवरून चालत."

"मी काय वाईट बोललो?"

"वाईट न्हाई बोललात," ती म्हणाली. "बोललात."

मला राग आला. माझा राग असा की आधी येतो आणि कारण मागून शोधतो. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "पप्पा, एक तर तिसरा नीट करा, न्हाईतर मी तिथंच खोली करून राहते. मला एकटीला जायचंय."

घरी आल्यावर तिने आईलाही तेच सांगितलं. बायकोचा चेहरा पडला. "खोली करून राहिली तर मंग घरात कोण? मी अन् हे?" असं ती माझ्यादेखत म्हणाली. म्हणजे माझी दोन्हीकडून कोंडी. गाडी नीट झाली तर माझी सीट गेली, नाही झाली तर पोरगी घरातून गेली. आणि मिस्त्रीकडे गेलं तर तो बोलणार. त्याने काय बोलू नये याचा मी दोन दिवस विचार केला. लेकीला म्हणालो, "मी नेतो गाडी, तू सुट्टी कामून वाया घालतीस?" ती म्हणाली, "मी बी येते."

रविवारी सकाळी गाडी रिकामी करायला घेतली. टेपच्या खणातल्या गोळ्या काढल्या, डिकीतली छत्री काढली, सीटखाली हात घातला. ड्रायव्हरच्या सीटखाली रबराचं काहीतरी लागलं. ओढून बघतो तर सायकलच्या ट्यूबची पट्टी. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला तारेचा आकडा, आणि फास जिथे दुमडतो तिथे रबर घासून पांढरं पडलेलं. मी ती ताणून बघितली. गिअरच्या दांडीपासून टेपच्या खणाच्या कडेपर्यंत बरोबर येत होती. हा काय प्रकार आहे ते परभणी जिल्ह्यात माझ्या वयाच्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी पट्टी परत सीटखाली सरकवली आणि काहीच बोललो नाही. मी बोललो नाही हे बायकोच्या लक्षात आलं असतं तर तिने डॉक्टर बोलावला असता.

मिस्त्री दुकानाबाहेर चहा पीत होता. मी गाडीतून उतरायच्या आत तो ओरडला, "या साहेब! आला का पुढचा आठवडा? मी म्हणलं रबर बदलायला ह्या जन्मात येतेत का न्हाई."

माझा एक पाय गाडीत, एक बाहेर. लेक उतरत होती. मी तिच्याकडे बघायची हिंमत केली नाही, गाडीच्या चाकाकडे बघितलं. मिस्त्री तिच्याकडे वळून म्हणाला, "आन् ताई, ट्यूब टिकली का?"

"टिकली की," ती म्हणाली, "आठ दिवस मस्त चालली."

एवढंच. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मिस्त्रीने गाडी आत घेतली, फाउंडेशनचं रबर बघितलं, मग म्हणाला की आता नुसत्या रबरावर भागणार नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आणि मी त्या बाकावर बसलो. ज्या बाकावर बसायचं टाळण्यासाठी हे सगळं झालं होतं, त्याच. लेक शेजारी मोबाईलमध्ये डोकं घालून. तिला माहीत आहे हे मला कळलेलं, मला कळलंय हे तिला कळलेलं. मी उठलो, पानटपरीपर्यंत जाऊन आलो. पुन्हा उठलो, पुन्हा जाऊन आलो. टपरीवाला म्हणाला, "काय पायजे काका?" मी म्हणालो, कायी न्हाई. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने विचारणं सोडून दिलं.

दुपारी मिस्त्रीने हाक मारली. गिअरबॉक्स खाली काढून उघडलेला होता. ताटलीत काढलेलं तेल काळं पडलेलं आणि त्यात बारीक चमकी. त्याने चिंधीने पुसून एक लोखंडी तुकडा माझ्या हातात दिला, दोन बोटांच्या चिमट्यासारखा.

"ह्यो फोर्क," तो म्हणाला. "तुमी दांडी हलवली की ह्यो आतल्या कड्याला सरकवतो, मंग गिअर पडतो. सरकवलं की ह्याचं काम संपलं. मंग ह्यानं कड्याच्या खाचंत मोकळं बसायचं. कडं तर फिरतच असतंय. तुमी वरून दांडी रेटून धरली की ह्यो फिरत्या कड्याला घासत ऱ्हातो. दीस न् दीस. बघा, चौथ्याच्या अंगानं कसा कोरा हाय. आन् तिसऱ्याच्या अंगानं बोट लावा."

मी बोट लावलं. एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने आईच्या जुन्या उलथन्यासारखा पातळ, धार आलेला.

"अहो पण सुटायचा म्हणूनच तर धरायचो!"

"आधी सुटायचा रबरामुळं," मिस्त्री म्हणाला. "मंग धरल्यामुळं सुटायला लागला. खामखा गेला साहेब. गिअरवर हात ठेवून बसायचंच नसतंय. जीपवाल्यांनी हीच खोड लावलीय समद्यांला."

त्या काळ्या-पिवळ्या जीपच्या मालकाची मी मनातल्या मनात माफी मागितली. पण तो तुकडा हातात धरून मला जे वाटलं ते गमतीचं नव्हतं. मला लाज वाटली. दीड वर्ष रोज चौदा किलोमीटर मी तो तळहाताने खात होतो, आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की माझ्यामुळे गाडी चाललीय. बायकांच्या रांगेसमोर उभा राहूनही मला तसंच वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी तेलाच्या वासावर ढकललं.

"ह्याचं सामान मिळंल का?" लेकीने विचारलं.

"मिळतंय की. कामून मिळंना?" मिस्त्री फळीवरून डबा काढत म्हणाला.

लेकीने त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा टपरीवर गेलो.

लेकीने दोन दिवस रजा टाकली. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. नवा फोर्क, नवं फाउंडेशन, नवं तेल. बायको म्हणाली, पोखर्णीला नरसिंहाला जाऊन येऊ, गाडीची परीक्षाही होईल. ती पुढे बसली. मी स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा मागे बसलो आणि गुडघे कुठे ठेवायचे ते मला कळेना. शहराबाहेर पडल्यावर लेकीने तिसरा टाकला. पुढे खड्डा दिसत होता. माझा हात दोन सीटमधून आपोआप पुढे गेला. बायकोने त्यावर फटका मारला. "हात!" गाडी खड्ड्यात आदळली, वर आली. दांडी होती तिथेच राहिली, जरासुद्धा थरथरली नाही.

देवळात बायको प्रदक्षिणा घालत होती. आम्ही दोघं बाहेर चपलांपाशी. आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही असं मला वाटलं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनपासून," ती म्हणाली. "बसनं गेलेच न्हाई मी. मिस्त्रीकडं गेले तर त्यानं समदं सांगितलं. रबराचं बी, फोर्कचं बी. मला सुट्टी नव्हती, म्हणून आठ दिवसांपुरती ट्यूब बांधून दिली. रात्री गाडी त्याच्याच दुकानात लावायचे, तुमी काळ्या चष्म्यात खोलीत, तुमाला कळलंच न्हाई."

"म्हणजे मी खोटं बोललो ते बी."

"ते बी."

"मंग नंतर सहा म्हैने मला कामून नेलं संगं? एवढा गिअर खराब व्हायलाय म्हणून माहीत असून?"

ती चपलेच्या टोकाने मातीत रेघा ओढत होती. ही खोड माझी. "घरी तुमी कसं फिरत ऱ्हाता पप्पा," ती म्हणाली. "आई रडायची. गाडीत आत वळलो की तेवढे सात किलोमीटर तुमचा हात थिर असायचा. तुमी गप्प असायचात. मला बरं वाटायचं. म्हणलं, जातोय गिअर तर जाऊ द्या." मग त्या रेघा पुसत म्हणाली, "पण ती बाई वापस गेली तवा बस वाटलं."

बायको प्रसाद घेऊन आली आणि आम्ही दोघांनी हात पुढे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लेक एकटी निघाली. मी फाटकापर्यंत गेलो. ब्रेक जपून मार, हॉर्न देत जा, असलं काहीच बोललो नाही, फक्त फाटकाची कडी तीनदा लावून काढली. ती गेल्यावर मी झरी आली असेल, बोरी आली असेल, असं मनाशी म्हणत अंगणात फिरत होतो. साडेनऊच्या सुमारास फोन आला.

"पोचले पप्पा."

"तिसरा सुटला का?"

"न्हाई. एकदा बी न्हाई."

"छान झालं," मी म्हणालो. पण एकदा तरी सुटायला पाहिजे होता असं मला वाटलं, तेही खरंच. दिवसभर मी हातात पेंचिस घेऊन घरात फिरलो आणि खोलण्यासारखं काही सापडलं नाही. बायकोने मिक्सर शेजारणीकडे ठेवला होता.

लेक संध्याकाळी साडेसहाला आली. गाडीचा आवाज मी गल्लीच्या तोंडापासून ओळखला. ती हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आली, मी पाटावर बसलो होतो, बायको भाकरी काढत होती. लेक पाणी प्यायली आणि तांब्या खाली ठेवत म्हणाली, "आज ती बाई आली होती."

"कोणती?" बायकोने विचारलं. मला विचारायची गरज नव्हती.

"लांबून गाडीकडं बघत उभी होती कितीतरी वेळ. मंग दाराशी आली आन् मला विचारलं, बाबा आलेत का? मी न्हाई म्हणलं. मंग आत आली."

"काय झालं होतं तिला?" हे माझ्या तोंडून निघालंच.

लेक माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही. बायको ताट वाढायला वळली होती. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि वाढून होईपर्यंत तसाच बसून राहिलो.